लोगोवाली जर्सी म्हणजे प्रो नव्हे
मासेमारीच्या स्पर्धांत स्पॉन्सर मिळाला की माणूस प्रो, म्हणजे व्यावसायिक झाला, असं काही जण म्हणतात; ते काही पटलं नाही. अमेरिकेत ‘प्रो-स्टाफ’ (कंपनीचा माल मिरवणारे मासेमार) म्हणवणाऱ्या बऱ्याच हौशींना मिळतं काय, तर गळाच्या रॉड-रीलवर सवलत. बाकी खर्च खिशातूनच.

खरा फरक अनोळखी पाण्यात कळतो. आपल्या तळ्यावर काय, कोणीही राजा! बासमास्टर एलिट या अमेरिकेतल्या बास मासे पकडण्याच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये सरावाला मोजके दिवस, स्थानिकांकडून टिप घ्यायला बंदी. वजन धरतात ते फक्त 5 बास माशांचं. सहावा मोठा लागला की लाइव्ह-वेलमधला (बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीतला) सर्वांत हलका सोडायचा. परतायला उशीर झाला तर मिनिटाला 1 पाउंड कापतात, त्यामुळे कुठली जागा कधी सोडायची हे कळावं लागतं. हे अनुभवाने येतं: अमेरिकी बास मासेमार रिक क्लन 2019 मध्ये फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीवर एलिट स्पर्धा जिंकले तेव्हा 72 वर्षांचे होते.