‘जागतिक नागरिकत्व’ आणि ‘बहुसांस्कृतिक’ : मुलांना कळेल असा शब्द कोणता?

शिरपूरहून :

नमस्कार मंडळी, दोन शब्दांवर मत हवंय. मी शिरपूर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा एक उपक्रम घ्यायचाय आणि पत्रात त्याचं नाव आलंय ‘बहुसांस्कृतिक शिक्षण व जागतिक नागरिकत्वाची जडणघडण’. मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि सातवीच्या पोरांना विचारलं, काय कळलं ते सांगा. एक मुलगा म्हणाला, "बहुसांस्कृतिक म्हणजे गॅदरिंगला खूप डान्स." आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे नागरिकत्व काढायला कुठे जावं लागतं, सेतूत?"

मला तेव्हापासून वाटतंय की मुलांचं काहीच चुकलेलं नाही. शाळेत ‘सांस्कृतिक’ हा शब्द ती फक्त ‘कार्यक्रम’ला जोडूनच ऐकतात, आणि ‘नागरिकत्व’ म्हणजे कागद, कारण यांच्या घरी जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार यासाठी आईबापांनी मजुरी बुडवून किती चकरा मारल्यात ते त्यांनी पाहिलंय. कायद्याने पाहिलं तरी तिचा प्रश्न बरोबरच आहे, आपल्या घटनेत कलम ५ ते ११ नागरिकत्वाबद्दल आहेत आणि कलम ९ प्रमाणे ज्याने आपणहून परदेशाचं नागरिकत्व घेतलं तो भारताचा नागरिक राहत नाही, म्हणजे कागदावर ‘जगाचं’ असं नागरिकत्व कुठे नाहीच. मग मुलांना आपण नेमकं काय सांगतोय? मराठीत याला दुसरा बरा शब्द आहे का?

धुळ्याहून :

ताई, प्रश्न मोलाचा आहे, जरा सविस्तर लिहितो. ‘नागरिक’ हा नगरातून आलाय, नगर, नागर, नागरिक. संस्कृतात नागरक म्हणजे शहरात राहणारा, चांगलं बोलणारा, रीतभात माहीत असलेला माणूस, आणि त्याच्या समोर ग्राम्य, ज्याचं आपण पुढे गावंढळ केलं. ग्रीकांकडेही तेच. डायोजेनिस हा तत्त्वज्ञ इसवीसनाच्या आधी चौथ्या शतकात होऊन गेला, तो कुठला असं विचारल्यावर ‘मी विश्वाचा नागरिक’ म्हणाला असं सांगतात, तिथेही शब्दाच्या पोटात शहरच बसलंय. म्हणजे पाड्यावरून येणाऱ्या मुलाला आपण जो शब्द देतोय त्या शब्दात मुळात त्याच्या पाड्याला जागा नव्हती. आता राज्यघटनेने तो शब्द सगळ्यांना सारखा वाटून दिला ही फार मोठी गोष्ट आहे, पण शिकवताना हा मागचा इतिहास जरूर सांगा, नववी-दहावीच्या मुलांना तो आवडतो.

‘जागतिक’ का ‘वैश्विक’ हाही वाद हल्ली ऐकू येतो. हिंदी बातम्यांमुळे ‘वैश्विक बाजार’, ‘वैश्विक मंदी’ असं मराठीतही यायला लागलंय, माझ्या कानाला ते खटकतं. आपल्याकडे वैश्विक म्हटलं की माणसाच्या पलीकडचं काहीतरी, चराचर, ज्ञानोबांचं ‘हे विश्वचि माझे घर’. बँक जागतिक, तापमानवाढ जागतिक, तेव्हा इथे जागतिकच असू द्या. पण एक सांगून ठेवतो, वेदात ‘विश्व’चा अर्थ जग नाही, ‘सगळे’ असा आहे, विश्वेदेव म्हणजे सगळे देव. आणि ‘जगत्’ हे गम् धातूचं, जे चालतं-हलतं ते. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी अखेरचे दिवस काढले, १९२६ साली इथेच गेले, शब्दाची मुळी धरून त्यामागचा समाज शोधायचा हा त्यांचा मार्ग, म्हणून मीही मुळीपासून सुरुवात केली.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘त्व’ लावलं की मराठीत शब्द दप्तरात जातो आणि ‘पण’ लावलं की घरात येतो. मातृत्व रजा असते, पण मुलाला सांभाळते ते आईपण. पितृत्वाची चाचणी होते, बापपणाची होत नाही. तसं ‘जगाचं नागरिकपण’ म्हणून बघा, त्यासाठी सेतूत जावं लागणार नाही.

जळगावहून :

नागरिकपण ऐकायला छान आहे पण मला एक भीती वाटते. ‘नागरिकत्व’मध्ये हक्क आणि कर्तव्य दोन्ही कायद्याने बांधलेले आहेत, ‘पण’ लावून ते नुसतं चांगुलपणावर यायला नको. जगाचं नागरिकपण म्हणजे सगळ्यांशी गोड बोला एवढंच उरलं तर मुलांना काय मिळालं? युनेस्कोच्या कागदात किंवा संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये ४.७ म्हणून जे लक्ष्य आहे त्यात मानवी हक्क, स्त्री-पुरुष समानता, शांतता, सांस्कृतिक विविधतेची कदर हे सगळं एका ओळीत जागतिक नागरिकत्वाबरोबरच येतं. तो हक्काचा भाग सुटू देऊ नका एवढंच.

आणि दुसरं, शहरात या शब्दाचं काय झालंय ते पण बघा. एका शाळेच्या बसवर मोठ्या अक्षरात ‘आम्ही ग्लोबल सिटीझन घडवतो’ असं लिहिलेलं असतं, ती बस रोज माझ्या गल्लीतून जाते. माझ्या भाचीला त्याच शाळेत वर्गात मराठी बोलली म्हणून शिक्षा झाली होती, घरी येऊन रडली ती. म्हणजे लोकांनी या शब्दाचा अर्थ इंग्रजी, व्हिसा आणि मोठी फी असा करून टाकलाय. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण शब्द चांगला होता.

अमळनेरहून :

मी ‘बहुसांस्कृतिक’बद्दल बोलतो. हा शब्द आला कॅनडा-अमेरिकेकडून. कॅनडाने १९७१ साली बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केलं. शिक्षणात जेम्स बँक्स यांचं नाव मोठं, त्यांनी याच्या चार पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे दुसऱ्यांचे सण, खाणं, थोर माणसं यांची ओळख करून द्यायची, मग अभ्यासात वेगळा धडा घालायचा, मग अख्खा धडाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचा, आणि चौथी पायरी मुलांनी स्वतः काही ठरवून बदल करायचा. म्हणजे ताई, तुमचा तो डान्सवाला मुलगा पहिल्या पायरीचं अगदी बरोबर वर्णन करून गेला, बहुतेक शाळा तिथेच थांबतात.

माझं मत ‘आंतरसांस्कृतिक’ला. बहु म्हणजे पुष्कळ, एका शेजारी एक मांडून ठेवलेले, एकमेकांशी बोलतील असं काही त्यात नाही. आंतर म्हणजे एकमेकांमधलं, देणंघेणं. युनेस्कोने २००६ साली शिक्षणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली तीही आंतरसांस्कृतिक शिक्षणाचीच. आणि आपल्याला हा शब्द परका नाही, साने गुरुजींनी ‘आंतरभारती’ दिलाच आहे की. रवींद्रनाथांची विश्वभारती जगाला बोलावणारी, आणि गुरुजींना वाटलं की आधी आपले प्रांत तरी एकमेकांच्या भाषा शिकू देत. गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत इथे आमच्या गावात शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे, पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. रोज! अशा छात्रालयातून बाहेर पडलेल्या माणसाने नंतर आंतरभारती म्हटलं यात मला नवल वाटत नाही. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी लिहून घ्यायचे, त्याच विनोबांनी नंतर ‘जय जगत्’ म्हटलं. तेव्हा हे जागतिक वगैरे खानदेशाला नवीन नाही.

फक्त लिहिताना काना विसरू नका. आंतर लिहा, अंतर नको. मराठीत अंतर म्हणजे लांबी, दुरावा. ‘अंतरसांस्कृतिक’ लिहिलंत तर उलटा अर्थ होईल, आणि बॅनर छापणारे तो काना हमखास खातात.

नवापूरहून :

सगळ्यांचं वाचलं. मी शब्दातला जाणकार नाही, पण नवापूर स्टेशनवर या कधी. एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत, बाकड्यावर रंगाने तसं लिहिलेलं आहे, माणूस मधे बसला तर अर्धा इकडे अर्धा तिकडे. अनाउन्समेंट चार भाषांत होते, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. पण आमच्या पोरांची घरची भाषा या चारांत नाही. घरी मावची, बाजारात गुजराती, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी. मग बहु म्हणा की आंतर म्हणा, ते पोरगं सकाळपासून रात्रीपर्यंत तेच तर करतंय, त्याला कोणी शिकवायची गरज नाही, फक्त ते करतंय हे कोणी ओळखत नाही.

मी आश्रमशाळेत शिकलो. तिथे एक सर होते, घरची भाषा तोंडातून निघाली की अंगठे धरून उभं करायचे. मला पाणी मागायचं होतं, मराठी शब्द पटकन आठवला नाही, दुपारभर उभा होतो. आज मी पन्नाशीत आहे तरी ती दुपार आठवते. ज्या मुलाला स्वतःची भाषा ‘अशुद्ध’ म्हणून सांगितली गेली तो जपानी माणसाच्या भाषेचा आदर कुठून आणणार सांगा. घटनेत ३५०-क कलम आहे, प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी म्हणून, २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात पण निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा असं म्हटलंय. ते आधी वर्गात येऊ द्या, मग बॅनरवर काय लिहायचं ते लिहा.

सुरतहून :

मूळ शिंदखेड्याचे आम्ही, तीस वर्षं झाली लिंबायतला. दादांनी नवापूरहून लिहिलं ते शब्दन्शब्द खरं. माझी पोरं घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि हिंदी. गावी गेली की चुलत भाऊ म्हणतात हे सुरतवाले, आणि इथे म्हणतात हे मराठी. ‘मग आपण कुठले’ असं धाकट्याने एकदा विचारलं होतं.

वरती विश्व म्हणजे सगळे असं वाचलं आणि माझ्या आजीला फोन लावला, ब्याऐंशीची आहे. तिला म्हटलं, शाळेत पोरांना शिकवतात की आपण बठ्ठा जगना, त्याला एक शब्द सांग. ती म्हणाली, "बठ्ठास्ना म्हन ना." बस. आमच्यात बठ्ठा म्हणजे सगळा, बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांचा. तुम्हाला बॅनरला चालेल का माहीत नाही पण मला वाटलं सांगावं.

धुळ्याहून :

आजींना नमस्कार सांगा. विश्वेदेवातला ‘विश्व’ अहिराणीत सांगायचा तर ‘बठ्ठा’च म्हणावं लागेल. शब्दाचं मूळ वेगळं असणार पण अर्थ तोच. आणि ‘बठ्ठास्ना’मध्ये तो नगरवाला प्रश्न पण राहत नाही, ना शहर ना गाव, सरळ माणसं.

शिरपूरहून :

सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवस उत्तर देता आलं नाही कारण वर्गात करून बघत होते. रिपोर्टमध्ये ‘जागतिक नागरिकत्व’च ठेवलंय, ते बदलणं माझ्या हातात नाही आणि जळगावच्या भाऊंचं हक्काबद्दलचं म्हणणं पटलं. पण वर्गाच्या भिंतीवर ‘आंतरसांस्कृतिक’ काना देऊन लिहिलं, आणि त्याखाली मुलांनी निवडलं ते ‘जगाचं नागरिकपण’. बठ्ठास्ना मी दाराच्या वर लिहिलंय, खडूने, अहिराणी बोलणाऱ्या पोरांनी ते रोज वाचायला सुरुवात केलीय आणि बाकीच्यांना अर्थ तीच सांगतात.

मग एक केलं. फळ्यावर ‘कुठे’ लिहिलं आणि म्हटलं, घरी जसं म्हणता तसं खाली येऊन लिहा. कठे आलं, कहाँ आलं, एका मारवाडी मुलाने कठै लिहिलं आणि कठेवाली पोरं उठून बघायला आली की हा आपला शब्द याच्याकडे कसा. गुजरातीतलं क्यां आलं. आमच्या वर्गात सातपुड्यातली एक पावरा आदिवासी मुलगी आहे, जूनपासून हजेरीशिवाय आवाज ऐकला नव्हता मी तिचा. पहिल्या दिवशी ती उठली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना तिने येऊन सगळ्यात खाली स्वतःचा शब्द लिहिला. मी तो वाचून दाखवला तर मान हलवून नाही म्हणाली. तीनदा म्हणून दाखवला तिने, तिन्ही वेळा माझा चुकला, शेवटचा आवाज मला येईचना, आणि ती न कंटाळता परत परत म्हणत राहिली, मोठ्याने.

तो आवाज देवनागरीत कसा लिहायचा हे मलाही कळलेलं नाही, तिने लिहिलेलं अक्षर तिचं तिलाच पटत नाहीये, पुसते आणि परत लिहिते. धडगाव-मोलगीकडचं पावरी बोलणारं कोणी इथे वाचत असेल तर प्लीज सांगा, तुम्ही ‘कुठे’ला काय म्हणता आणि ते लिहिता कसं? सोमवारी तिला सांगायचंय.