मदत हवी आहे: निफाड तालुक्यातल्या छोट्या गावाची जुनी लोकसंख्या

द्राक्षपट्ट्यातल्या एका लहान गावाचा इतिहास ग्रामपंचायतीसाठी लिहितोय. 1951 पासूनचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकांतून जुळवले आहेत. अडचण त्याआधीची. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये बाजाराची, देवस्थानाची मोठी गावंच सविस्तर येतात, आपल्यासारखं गाव त्यात कुठलं! 1881 ते 1941 चे गाववार आकडे कुठे पाहायला मिळतील?

तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकं (जन्म-मृत्यू नोंदी) मोडी लिपीत आहेत; नाशकात मोडी वाचणारं कुणी असेल तर सांगा. त्यांतून जन्म-मृत्यू कळतील, एकूण माणसं नाहीत, हे ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे, 2011 ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन द्राक्षतोडणीत. तेव्हा पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतले मजूर मळ्यांवर उतरलेले असतात. गावचा आकडा त्यामुळे फुगला असेल का? 0 ते 6 वयोगट आणि अनुसूचित जमातीचा रकाना 2001 शी ताडून अंदाज बांधता येईल असं वाटतं. याहून नेमकी पद्धत कुणी वापरली आहे का?

वाड्या-वस्त्या महसुली गावातच मोजल्या आहेत, तेवढं लक्षात घेऊन सांगा.