शरियाच्या नावावर कर्ज बुडवू द्यायचं का?

हिशेबनीस: बहारीनच्या शामिल बँकेनं ढाक्याच्या बेक्सिम्को कंपन्यांना मुराबाहा करारांवर पैसा दिला. मुराबाहा म्हणजे बँकेनं माल घ्यायचा आणि नफा चढवून ग्राहकाला उधारीवर विकायचा, व्याज नाही. हप्ते थकले, बँक लंडनच्या कोर्टात गेली. तिथे कर्जदार म्हणाले, हे नाव बदललेलं व्याजी कर्जच आहे, शरियात बसत नाही, म्हणून करार रद्द! करारात 'शरियाच्या तत्त्वांच्या अधीन राहून' इंग्लंडचा कायदा लागू, असं कलम होतं. २००४ साली अपील कोर्टानं हा बचाव फेटाळला. अगदी योग्य केलं. पैसे उचलताना यातलं काहीच खटकलं नव्हतं.

वकिलीण_ठाणे: निकाल मान्य, कारणं नाहीत. कराराला एखाद्या देशाचाच कायदा लागतो आणि शरिया हा देशाचा कायदा नव्हे, असं कोर्ट म्हणालं. पण ठेवीदार त्या कलमाच्या भरवशावरच पैसे ठेवतो ना? त्याला काय उरलं?

हिशेबनीस: ताई, नेमके नियम करारात उतरवले असते तर गोष्ट वेगळी, हेही कोर्टानं सांगितलंय. नुसतं 'तत्त्वं' लिहिलंत तर न्यायाधीशानं कुठल्या पंथाचा अर्थ धरायचा? व्याजाच्या व्याख्येवर धर्मपंडितांचंच एकमत नाही.

दुबईकर: शारजाच्या दाना गॅसनं तर कहर केला. स्वतःच काढलेले ७० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, शरियाला धरून नाहीत असं २०१७ मध्ये कंपनीच म्हणू लागली! लंडनच्या कोर्टानं पुनर्खरेदीची हमी बंधनकारक ठरवली, तरी प्रकरण मिटलं ते २०१८ मध्ये तडजोडीनं.

वकिलीण_ठाणे: म्हणूनच मलेशियाची पद्धत मला पटते. २००९ च्या कायद्यानं शरियाचा मुद्दा कोर्टाला मध्यवर्ती बँकेच्या सल्लागार मंडळाकडे पाठवावाच लागतो, आणि मंडळाचं मत कोर्टावर बंधनकारक.

हिशेबनीस: २०१९ ला तिथल्या फेडरल कोर्टात ते ५ विरुद्ध ४ असं जेमतेम टिकलं. निवाडा मंडळानं करायचा आणि कोर्टानं शिक्का मारायचा, हे मला मान्य नाही. त्यापेक्षा 'शरियाचा बचाव घेणार नाही' असं कर्जदाराकडून करारातच लिहून घ्यावं.

वकिलीण_ठाणे: त्यानं बँकेची वसुली होईल. पण व्यवहार खरंच बिनव्याजी होता का, हे ठेवीदारानं कुठल्या कोर्टात विचारायचं?