टोचलेला कान

अलिबागकर:
बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात नियम आहे: इब्री (म्हणजे इस्राएली) दासाने सहा वर्षं राबायचं, सातव्या वर्षी सुटायचं. पण ‘माझं धन्यावर, बायकोमुलांवर प्रेम आहे, मी जात नाही’ असं तो म्हणाला, तर दाराशी नेऊन आरीने त्याचा कान टोचायचा. कानच का? तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, रब्बान योहानान बेन झक्काई सांगतात: इस्राएल देवाचे दास आहेत हे देवाने नियम दिले त्या सीनाय डोंगरावर याच कानाने ऐकलं, तरी याने दुसरा धनी केला. मला देवाने इस्राएलशी केलेल्या कराराचा गाभा इथेच दिसतो. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सोडवलेल्या माणसावर आता दुसऱ्या माणसाची मालकी चालत नाही.

रोखठोक:
टोचला कुणाचा कान? दासाचा. धन्याला ओरखडाही नाही. आणि चौथं वचन तुम्ही गाळलंत! बायको धन्याने दिलेली असेल, तर ती आणि मुलं धन्याकडेच राहतात. बापाने एकट्याने सुटायचं, नाहीतर पोरांसाठी कान पुढे करायचा. याला करारभंग म्हणणारे रब्बी मला निष्ठुर वाटतात. वर बायबलच्याच लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायाप्रमाणे परके दास कायमचे, वारशाने मुलांना देण्याजोगे.

अलिबागकर:
चौथं वचन गाळलं, चूक माझी. पण रब्बींनी ‘कायमचा’ म्हणजे योबेल वर्षापर्यंत (दर पन्नासाव्या, सुटकेच्या वर्षापर्यंत), असा अर्थ लावला. धन्याने मऊ भाकर खाऊन दासाला जाडीभरडी द्यायची नाही. इब्री दास घेणारा स्वतःसाठी धनीच विकत घेतो, असं तालमुदाच्या किद्दुशिन या भागात आहे. परक्या दासाचा धन्याने दात पाडला, तर तो दास मोकळा. पळून आलेल्याला परत देऊ नका, हे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात.

रोखठोक:
ते वचन रब्बींनीच परदेशातून इस्राएलच्या भूमीत पळून आलेल्या दासापुरतं आवळलं. अर्थ लावणारे नेहमी सैलच करतात असं नाही.

जुनी वही:
दोघांनी अमेरिकेतलं १८६१ आठवावं. ४ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये रब्बी मॉरिस राफाल यांनी प्रवचनात सांगितलं की बायबल गुलामीला पाप म्हणत नाही. वचनांचा आधार त्यांच्याकडे होता. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी उत्तर दिलं ते माणूस देवाच्या प्रतिमेत घडला या तत्त्वावरून, तेही गुलामी चालू असलेल्या राज्यात राहून. एप्रिलमध्ये जिवाच्या भीतीने त्यांना फिलाडेल्फियाला जावं लागलं. माझ्यासाठी ग्रंथ खरा वाचला तो त्यांनी.

रोखठोक:
आइनहॉर्न मला मान्य. पण मग वचनाला वचनाने उत्तर मिळालं असं म्हणू नका. त्यांनी एका वचनाला दुसऱ्यावर बसवलं.

अलिबागकर:
हो, निवड केली. आमच्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरात सेदरच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या भोजनाच्या रात्री ‘आपण मिसरात दास होतो’ हे मराठीत वाचतात; १८७४ मध्ये पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती. यंदा मी त्यानंतर चौथं वचनही मुलांसमोर वाचणार आहे.