मदत हवी आहे: स्वाधारसाठी भाडेकरार नसेल तर काय करायचं?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचा शासकीय वसतिगृहाच्या यादीत नंबर लागला नाही, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा (वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणारी सरकारी मदत) अर्ज भरतोय. जातीचा दाखला, अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, सगळं तयार. गाडी अडलीय भाडेकरारावर. पुण्यात तो कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार कॉट, करार फक्त सगळ्यात जुन्या मुलाच्या नावावर. मालक काका तसे चांगले, पण नव्या कराराचं नाव काढलं की "नोंदणी, पोलीस व्हेरिफिकेशन, नको रे बाबा ती कटकट!" वहीच्या पानावर सही करून द्यायला मात्र एका पायावर तयार.

पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत, त्यात निवासाचे २०,०००. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

तुमच्यापैकी कुणाचं मालकाच्या संमतीपत्रावर काम झालंय का? की नोटरी केलेलाच करार लागतो? आणि चौघांच्या नावे एकच करार केला, तर तो चौघांना आपापल्या अर्जाला जोडता येतो का? पैसे उशिरा येतात हे ऐकून आहे, त्याची तयारी ठेवलीय. अर्ज त्रुटी काढून परत आला तर मात्र पंचाईत होईल.