'वली पर्वताचे वय' म्हणजे नक्की कशाचे वय?

प्रश्न : पुण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितेय. 'भूशास्त्रीय नकाशावरून वली पर्वताचे वय मोजतात' हे बरोबर आहे का? आणि 'वली' मुलांना कळेल, की 'घडी' लिहू?

उत्तर : ताई, 'वली'च ठेवा, भूगोलाच्या पुस्तकात तोच शब्द आहे. पोटाला वळ्या पडतात ना, ती वळी हीच; इथे ती खडकांच्या थरांना पडते. 'घडी' म्हटलं की धुतलेली चादर डोळ्यांपुढे येते.

खटकतंय ते 'वय'. हिमालय अर्वाचीन वली पर्वत, असं आपण पाठ केलंय. पण एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक ४५ कोटी वर्षांहून जुना, तोही समुद्राच्या तळाशी साचलेला. भारत आणि युरेशियाची टक्कर सुरू झाली सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. थर साचला कधी हे एक वय, त्याला वळी पडली कधी हे दुसरं. फलकावर दोन्ही वेगवेगळी लिहा.

दुसरं उत्तर : 'मोजतात' तर काढाच. भूशास्त्रीय नकाशा, म्हणजे कुठे कुठला खडक ते दाखवणारा नकाशा, आधी काय, नंतर काय ते सांगतो. वर्षांचा आकडा हवा तर जीवाश्म किंवा प्रयोगशाळा गाठावी लागते. (पुस्तकांत याला 'सापेक्ष वय' म्हणतात. मला 'क्रम' आवडतो.)

आमची पोरं 'मॅपिंगला' जातात तेव्हा करतात काय? उघड्या थरावर क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) आणि होकायंत्र टेकवून उतार किती अंश आणि कुठल्या दिशेला, ते नकाशावर छोट्या खुणेने टिपतात. असं शेकडो ठिकाणी. मग पट्टे दिसू लागतात : वालुकाश्म, शेल (चिखलाचा झालेला खडक), चुनखडक, पुन्हा शेल, पुन्हा वालुकाश्म. मधल्या चुनखडकापासून दोन्हीकडचे थर बाहेरच्या बाजूला उतरत असतील तर ती झिजलेली कमान, म्हणजे अपनती; मधला थर सर्वांत जुना. आत उतरत असतील तर अभिनती. मधला सर्वांत नवा. थर पार उलथलेले नसतील तरच हं! ते वाळूवरच्या लाटांच्या जुन्या खुणांवरून ताडून बघतात.

प्रश्नकर्ती : पुण्याजवळ दाखवता येईल का?

दुसरं उत्तर : छे! वेताळ टेकडीच्या खाणीत बघा नाहीतर सिंहगडावर, बेसॉल्टचे थर कसे आडवे निजलेत. वळ्या बघायच्या तर नागपूरजवळचा रामटेक-मनसरचा मँगनीज पट्टा गाठा. आणि नागपूरच्या पश्चिमेला त्या जुन्या खडकांवर आडवा बेसॉल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. त्याला वळी पडलेली नाही, म्हणजे खालच्या वळ्या त्याच्या आधीच्या. किती आधीच्या, ते नुसत्या या बेसॉल्टवरून कळत नाही. वळी पडलेला सर्वांत नवा थर आणि न वळलेला सर्वांत जुना थर, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : 'खडकांचे थर आधी साचले, मग त्यांना वळ्या पडल्या. यांतले आधी काय, नंतर काय, हे भूशास्त्रीय नकाशावरून ठरवतात.'

पहिलं उत्तर : चालेल. 'वळ्या'पुढे कंसात 'वली' टाका, परीक्षेत तेच विचारतात.