मदत हवी आहे: काच-अ‍ॅल्युमिनाची गोळी ८५० अंशांना भरून येत नाही

कच्ची_गोळी: बोरोसिलिकेट काचेच्या भुकटीत ४० टक्के अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी) मिसळून दाबलेल्या गोळ्या ८५० अंशांना अर्धा तास ठेवल्या, तरी घनता २.५५ वर, म्हणजे सैद्धांतिक मूल्याच्या ८७ टक्क्यांवर, अडते आणि तोडलेल्या कडेवर टाकलेला शाईचा थेंब आत झिरपतो, म्हणजे छिद्रे उघडीच आहेत. नुसत्या काचेची गोळी त्याच भट्टीतून चकचकीत निघते. सोमवारी मार्गदर्शकांना दाखवायचे आहे. कृपया नेमका उपाय सांगावा.

भट्टीकर: तापमान १००० अंशांवर न्या. आमच्या कुंभारकामात ग्लेझ कच्चे राहिले की आम्ही हेच करतो.

वितळबिंदू: ४० टक्के वजनाने की आकारमानाने? दोन्ही भुकट्यांचे कण केवढे आहेत?

कच्ची_गोळी: अर्थातच वजनाने. अ‍ॅल्युमिना अर्ध्या मायक्रॉनचा आहे, काच ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली आहे. तापमान वाढवता येणार नाही, कारण पुढे चांदीचे पट्टे सोबतच भाजायचे आहेत.

भट्टीकर: हे आधी सांगायला हवे होते. मग दोन तास ठेवा.

वितळबिंदू: असहमत. चांदी ९६२ अंशांना वितळते, ते एक झालेच. पण छिद्रे मिटल्यावर जास्त वेळ ठेवले, तर अडकलेला वायू गोळी फुगवतो, आणि तोवर थोडा अ‍ॅल्युमिना काचेत विरघळून तिला अधिकच घट्ट करतो.

स्फटिकप्रेमी: अ‍ॅल्युमिनाऐवजी क्वार्ट्झ घ्या, परावैद्युत स्थिरांक (विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचा आकडा) कमी मिळेल.

वितळबिंदू: तो प्रश्न इथे कोणी विचारलेला नाही, शिवाय या काचेत क्रिस्टोबलाइट (सिलिकाचे स्फटिक) वाढू न देण्याचे काम अ‍ॅल्युमिनाच करतो. मूळ मुद्दा असा: काचेची घनता २.२३ आणि अ‍ॅल्युमिनाची ३.९८ धरली, तर वजनाचे ४० टक्के म्हणजे आकारमानाचे सुमारे २७ टक्केच होतात. सैद्धांतिक घनता २.७१ येते, आणि तुमची गोळी ९४ टक्के भरलेली ठरते. आपण दोन्ही घनतांची वजनाच्या टक्क्यांनी थेट सरासरी काढून आलेल्या २.९३ ने भागले का?

कच्ची_गोळी: होय, २.९३ नेच भागले. तरीही शाई झिरपते, त्याचे काय?

वितळबिंदू: वाहते ती काच, अ‍ॅल्युमिनाचे कण ताठच राहतात. अर्ध्या मायक्रॉनचे कण काचेच्या जाड दाण्यांभोवती पिठासारखे चिकटतात, त्यामुळे काचेला काच भेटत नाही. काच दोन-तीन मायक्रॉनपर्यंत दळा आणि अ‍ॅल्युमिना थोडा जाड घ्या. प्रमाण तेच राहू द्या.

कच्ची_गोळी: बॉल मिल (गोळ्यांनी दळणारे यंत्र) शनिवारपर्यंत दुसऱ्याच्या नावावर आहे. खलबत्त्यात जमेल का?

भट्टीकर: जमेल, पण हात दुखतील.